‘बाई, पुस्तकातला माणूस खोटं बोलतो का?’

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. नाव आणि शाळा वगळून त्यातला मुख्य भाग असा:

‘माझ्या नववीच्या वर्गात 58 मुलं आहेत. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी उर्दू. मराठी ही त्यांची शाळेतली भाषा. परवा एक कथा शिकवली. ती सबंध कथा एक “मी” सांगतो. गृहपाठ दिला: कथेच्या निवेदकाविषयी आठ-दहा ओळी लिहा. पन्नासएक वह्यांमध्ये एकच उत्तर आलं, “लेखक खूप प्रेमळ व प्रामाणिक आहेत.” काहींनी लेखकाचं जन्मगावही लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी समजावून सांगायला गेले, तर लेखक आणि निवेदक यांतला फरक मलाच नीट मांडता येईना. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, पण तो सगळं खरं सांगत नाहीये. पुस्तकातला माणूस खोटं बोलतो का?” घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी “नंतर बघू” म्हणाले आणि पुढे गेले. तो मुलगा त्यानंतर वर्गात बोललेला नाही. मुख्याध्यापक म्हणतात, पोर्शन पुरा करा, दहावीच्या दृष्टीनं तयारी करून घ्या. ज्यांच्या घरी मराठीच बोलत नाहीत त्यांना कथेतलं इतकं बारीक कसं कळणार, असं मलाही वाटतं. हा विषय सोडून द्यावा का? शिकवायचा तर कसा? आणि त्या मुलाला काय सांगू?’

ताई,

पन्नास वह्यांत एकच उत्तर आलं म्हणून तुम्ही खचलात, हे पत्रात जाणवतं. पण ते उत्तर आलं कुठून, ते आधी बघू. पाचवीपासून आपण या मुलांना काय विचारत आलो? ‘लेखकाला काय सांगायचे आहे?’ ‘लेखकाच्या स्वभावाची वैशिष्ट्ये लिहा.’ इतकी वर्षं हेच ऐकलेल्या मुलांच्या कानांनी तुमचा नवा प्रश्नसुद्धा त्याच जुन्या प्रश्नासारखा ऐकला. शिवाय ‘निवेदक’ हा शब्द त्यांना माहीत आहे तो गॅदरिंगमध्ये माइक धरून पुढच्या नाचाचं नाव सांगणाऱ्या मुलीसाठी. मुलांना तुमचा प्रश्न कळला नाही, इतकंच त्या वह्यांवरून म्हणता येईल. कथा कळली की नाही, ते अजून कुणी विचारलेलंच नाही. आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला तर ती कळलेली होती.

फरक मांडता आला नाही, याचंही वाईट वाटून घेऊ नका. व्याख्येतून तो मांडायला अवघडच आहे. त्यासाठी तुमच्या हाताशी फार सोपी वस्तू आहे, आत्मकथन. ‘मी नदी बोलतेय’, ‘पडक्या किल्ल्याचे मनोगत’ हे निबंध तुमच्या मुलांनी लिहिलेलेच असणार. वर्गातली एखादी वही उघडा आणि पहिलं वाक्य मोठ्यानं वाचा: ‘माझा जन्म उंच डोंगरात झाला.’ मग ज्याची वही आहे त्याला विचारा, तुझा जन्म कुठे झाला रे? तो सांगेल, सिव्हिलमध्ये. वर्ग हसेल. मग विचारा, डोंगरात जन्मलेली ही ‘मी’ कोण? नदी. तिला बोलायला कुणी लावलं? यानं. झालं. कागदाबाहेर बसून पेन धरणारा तो लेखक, आणि कागदावर ‘मी’ म्हणणारी ती निवेदक. पुढचं पाऊल इथेच टाका: नदीला पूर येतो, गावं वाहून जातात आणि ती म्हणते, ‘मी तर नेहमी सगळ्यांचं भलंच केलं.’ नदीला असं वाटतं, पण लिहिणाऱ्याला माहीत आहे की ते पुरतं खरं नाही. निवेदकाची चूक लेखकाला दिसत असते, ती निवेदकाला दिसत नसते. निवेदकाचा अभ्यास म्हणतात तो या फटीपासून सुरू होतो.

आता माझी एक गोष्ट सांगते. मी पाचसहा वर्षं शिकवत होते तेव्हाची. एका मुलीनं चाचणीच्या पेपरात लिहिलं होतं, ‘कथेतला मी आपल्या बहिणीबद्दल पूर्ण खरं सांगत नाही, कारण तो प्रत्येक वेळी तिचं लग्न झालं एवढंच म्हणतो, ती गेल्यावर काय झालं ते सांगत नाही.’ आदर्श उत्तरात तसं काही नव्हतं. मी लाल पेनानं बाजूला ‘अवांतर’ असं लिहिलं आणि गुण कापले. पुढे कधीतरी तीच कथा पुन्हा शिकवायला काढली, तेव्हा तो निवेदक बहिणीचं नाव निघालं की विषय कसा बदलतो ते मला पहिल्यांदा दिसलं. मुलगी तोवर शाळा सोडून गेली होती. तो शब्द मला अजून टोचतो. म्हणून तुमच्या पत्रातल्या पोर्शनपेक्षाही त्या ‘नंतर बघू’ची मला जास्त काळजी वाटते. पण त्याकडे शेवटी येते.

मातृभाषेची तुमची शंका मला मुळीच पटत नाही. आणि ती न पटण्याचं कारण तुमच्याच वर्गात बसलेलं आहे.

‘म्हणे’ हा आपला शब्द घ्या. ‘तो आला’ आणि ‘तो म्हणे आला’ यांत केवढा फरक आहे! दुसऱ्या वाक्यात बोलणारा सांगतो, मी पाहिलेलं नाही, ऐकलं आहे, आणि कदाचित माझा त्यावर फारसा विश्वासही नाही. एका शब्दात निवेदकानं आपले हात झटकले. हीच सोय तेलुगूत आहे, ‘वच्चाडु’ म्हणजे आला आणि ‘वच्चाडट’ म्हणजे आला म्हणे. कन्नडमध्ये ‘बंदनु’ आणि ‘बंदनंते’. दखनी बोलणाऱ्या मुलांना विचारा, त्यांच्या घरी अशा वेळी काय म्हणतात. तेच फळ्यावर लिहा. तुमची मुलं दिवसभर हे प्रत्यय वापरतात. कोण डोळ्यांनी बघितलेलं सांगतंय आणि कोण ऐकीव सांगतंय, हे त्यांना शेजारणीच्या एका वाक्यावरून कळतं. ही जाण घेऊन ती वर्गात येतात आणि आपण त्यांना दारात सांगतो, की मराठी कच्चं आहे, तेव्हा बारीक काही कळणार नाही.

आणखी एक. तुमचं नाव वगळलं, तरी पत्र बाईंचं आहे हे ‘गेले’, ‘म्हणाले’ या क्रियापदांवरूनही कळतं. मराठीत ‘मी’ म्हणणारा पुष्कळदा पहिल्याच वाक्यात आपण पुरुष की बाई ते सांगून बसतो: मी गेलो, मी गेले. तेलुगूत ‘नेनु वेळ्ळानु’, कन्नडमध्ये ‘नानु होदे’. दोन्हींत कळायला मार्ग नाही. ज्या ठिकाणी ही मुलं मराठी लिहिताना अडखळतात, तीच जागा निवेदकाच्या अभ्यासाला फार कामाची आहे. पाठातलं पहिलं वाक्य एखाद्या मुलीला तेलुगूत सांगायला लावा आणि विचारा, आता बोलणारा कोण? काय हरवलं? मराठी ज्याच्या घरची भाषा आहे, त्याला या गोष्टीकडे बघायची कधी गरजच पडलेली नसते. इथे तुमचे तेलुगू विद्यार्थी पुढे आहेत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचंही तसंच. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ हा भेद अगदी पक्का आहे, म्हणून ‘आम्ही गरीब होतो’ म्हणणारा निवेदक वाचणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि ‘आपण गरीब माणसं’ म्हणणारा त्याला आत घेतो, हे त्यांना लगेच कळेल.

आता शिकवायचं कसं. पाठ्यपुस्तकातल्या कथेनं सुरुवात करू नका. तिच्यावर गाईडमधलं उत्तर चिकटलेलं आहे, ते सुटायला वेळ लागेल. ज्याचं उत्तर कुठेच छापलेलं नाही असा एक छोटा उतारा घ्या. मी तुमच्यासाठी एक लिहिला आहे. फळ्यावर मावेल एवढाच आहे.

‘दादानं नववीतच शाळा सोडली. त्याला म्हणे अभ्यासाचा कंटाळा होता. आई तसंच सांगते. मला काही कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी माझं नाव मोठ्या शाळेत घातलं. फी जास्त होती, पण झाली सोय. दादा आता मागावर रात्रपाळी करतो. सकाळी मी डबा भरत असतो तेव्हा येतो आणि कानात अजून माग चालू असल्यासारखा मोठमोठ्यानं बोलतो. मला राग येतो. परवा माझं इतिहासाचं पुस्तक त्याच्या उशाखाली सापडलं. मी ओढून घेतलं. एक पान दुमडलेलं होतं. पुस्तकाचं पान दुमडू नये, एवढंही त्याला कळत नाही.’

हा उतारा तुम्ही वाचू नका, एखाद्या मुलाला वाचायला सांगा. मग पहिला प्रश्न अगदी साधा: दादानं शाळा का सोडली? दहा हात वर येतील, ‘अभ्यासाचा कंटाळा होता.’ बरोबर, लिहा फळ्यावर. दुसरा प्रश्न: हे कोण म्हणतं? इथे हात थोडे खाली येतील. ‘तो मी म्हणतो.’ त्याला कुणी सांगितलं? ‘आईनं.’ दादानं स्वतः सांगितलं का? वाक्य शोधा. नाही सापडणार. दादा या सबंध उताऱ्यात मोठमोठ्यानं बोलतो, पण त्याचा एकही शब्द आपल्यापर्यंत येत नाही. हे एखाद्या मुलाच्या तोंडून आलं तर फारच छान, नाहीच आलं तर तुम्ही विचारा.

मग ‘झाली सोय’पाशी थांबा. इथे घाई करू नका. नववीच्या मुलांना कर्ता-कर्म-क्रियापद येतं. व्याकरणाच्या तासाला शिकवलेलं इथे कामी आणा. सोय कुणी केली? वाक्यात करणारा कुठे आहे? कुणीच नाही, सोय आपोआप झाली. हे त्यांना पटकन समजावं म्हणून वर्गातली ट्यूब आठवून द्या. ‘मी ट्यूब फोडली’, ‘माझ्या हातून ट्यूब फुटली’, ‘बॉल लागला’, ‘ट्यूब फुटली’. मुख्याध्यापकांसमोर उभं राहिल्यावर यातलं कोणतं वाक्य तोंडातून निघतं? 58 मुलांना हे शिकवावं लागत नाही. त्या चार वाक्यांत घटना एकच आहे, खोटं तर एकही नाही, फक्त सांगणारा एकेक पाऊल मागे सरकत गेला आहे. ‘झाली सोय’ म्हणणारा भाऊही असाच मागे सरकला आहे. ‘त्याच वर्षी’ हे दोन शब्द मात्र त्यानं स्वतःच लिहिले आहेत. दादाची शाळा सुटली आणि याची फी भरली गेली, या दोन गोष्टी त्यानंच शेजारीशेजारी ठेवल्या, आणि मधली वाट चालून जायचं टाळलं.

इथे वर्गाचे दोन तट पडतील. काही म्हणतील, त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही, लहान आहे. काही म्हणतील, माहीत आहे, म्हणून तर राग येतो. दोन्ही बाजूंना उताऱ्यात आधार आहेत. ‘मला काही कुणी विचारलं नाही’ हे वाक्य बघा. त्याच्यावर कुणी ठपका ठेवलेला नव्हता, मग हे तो कुणाला सांगतोय? तुम्ही निकाल देऊ नका. फक्त एक अट ठेवा: मत कुठलंही चालेल, पण त्याच्याखाली उताऱ्यातला शब्द हवा. ‘मला असं वाटतं, कारण तो अमुक शब्द वापरतो.’ ज्याला शब्द दाखवता आला नाही, त्यानं पुन्हा उताऱ्यात जायचं. कुणी म्हणेल, दादा चोर आहे, पुस्तक चोरलं. त्यालाही रागावू नका, शब्द मागा. ‘उशाखाली’ हा शब्द त्याला सापडेल. मग विचारा, रात्रपाळी करून आलेला माणूस झोपायच्या आधी काय करत होता? पान का दुमडतात? आणि अभ्यासाचा कंटाळा असलेला माणूस ते दुमडेल का? पानाकडे भाऊही बघतो आणि आपणही बघतो, पण त्याला त्यात दादाचा अडाणीपणा दिसतो आणि आपल्याला जे दिसतं ते सांगताना वर्गाचा आवाज खाली येतो. एवढं झालं की निवेदक आणि वाचक यांच्यात काय चालतं ते मुलांना कळलंच, नाव दिलं नाही तरी.

वेळ उरला तर, आणि उरला नाही तर दुसऱ्या दिवशी, एक लेखन द्या. हाच भाऊ आता चाळीस वर्षांचा झाला आहे आणि हीच गोष्ट आपल्या मुलीला सांगतो आहे. पहिली पाच वाक्यं लिहा. ‘परवा’ जाऊन ‘तेव्हा’ आलं, की ‘म्हणे’ टिकतं का ते बघा. पुष्कळ मुलं ते आपोआप गाळतात, आणि का गाळलं असं विचारलं की त्यांना स्वतःलाच नवल वाटतं. निवेदक कधी सांगतोय आणि कुणाला सांगतोय, हे दोन प्रश्न असे अंगवळणी पडतात. नाहीतर दादाला बोलू द्या. त्याचं एकच वाक्य लिहा. पण तो खुलासा करणार नाही, अशी अट घाला. नाहीतर सगळे दादा भाषण करतील.

एक जपा, ताई. तुमच्या वर्गात कुणाचा तरी दादा खरोखरच मागावर असेल, कुणाची आई हजार विड्या वळून हिशेब पुरा करून मग स्वयंपाकाला लागत असेल. ‘तुमच्या घरी असं आहे का?’ हे चुकूनही विचारू नका, चर्चा रंगली तरी. उताऱ्यातल्या भावाविषयी बोलायची मुभा असली, की मुलं त्याच्या आडून स्वतःचंही बोलतात, आणि कुठे थांबायचं ते त्यांच्या हातात राहतं. ती आड काढून घेतली, की हुशार मुलगासुद्धा गप्प होतो. एखादा फारच अस्वस्थ दिसला, तर तास संपल्यावर त्याला वह्या उचलायला बोलवा आणि त्यानं बोलायची वाट बघा. उतारा फार जवळचा वाटत असेल, तर मागाचा उल्लेख गाळून दुसरं काही घाला. ‘म्हणे’ आणि ‘झाली सोय’ तेवढं ठेवा.

तुम्ही संज्ञांविषयी काही विचारलेलं नाही, पण हा विषय हाती घेतलात की मोह होईल, म्हणून सांगते. प्रथमपुरुषी निवेदक (‘मी’ म्हणून सांगणारा), सर्वज्ञ निवेदक (सगळ्यांच्या मनातलं जाणणारा), अविश्वसनीय निवेदक ही नावं शेवटी द्या, आणि ‘अविश्वसनीय’ तर सगळ्यांत शेवटी. ही संज्ञा इंग्रजीत वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं 1961मध्ये रूढ केली. त्याच्या मनात खोटारडा माणूस एवढाच अर्थ नव्हता. निवेदकाची समज किंवा मूल्यं ही त्या सबंध कथेच्या समजेशी जुळत नाहीत, असा त्याचा रोख होता. वर्गात हा शब्द आधी दिला, की मुलं प्रत्येक ‘मी’ला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. शोकात बुडालेली आजी अर्धवट सांगते, तीही खोटी. पाच वर्षांचं पोर त्याला दिसलं तेवढंच सांगतं, तेही खोटं. हे होऊ देऊ नका. माणूस कमी सांगतो याची कितीतरी कारणं असतात: माहीत नसतं, आठवत नाही, लाज वाटते, कुणाला तरी जपायचं असतं, सांगायला शब्द नसतात. यातलं कोणतं, हा खरा अभ्यास. ‘खरं की खोटं’ हे वर्गात चार मिनिटांत संपतं. ‘का कमी सांगितलं’ यावर मात्र सबंध तास जातो.

आणि हे सगळं बाहेरून आलेलं आहे, असं मुलांना वाटू देऊ नका. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीला, तेराव्या शतकात, म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी त्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या अशा माणसांना विचारून गोळा केल्या. आज आपल्या हाती असलेल्या पोथ्यांत एखाद्या प्रसंगाविषयी दुसऱ्या कुणी वेगळं सांगितलं असेल, तर तेही नोंदवलेलं दिसतं. एखादा पाठ, म्हणजे त्या प्रसंगाचं एक रूप, हिराइसा या महानुभाव स्त्रीचा म्हणून वेगळा सांगितलेला असतो. कोण सांगतंय यावर काय सांगितलं जातं ते ठरतं, हे आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीच्या लोकांना पक्कं माहीत होतं. नववीच्या मुलांना हे ऐकायला आवडतं, मी अनुभवानं सांगते.

‘तो’च्या कथा, म्हणजे तृतीयपुरुषी, त्या मानानं पुढच्या पायरीवर ठेवा. मुलांना वाटतं तिथे निवेदक नसतोच, कॅमेरा असतो. त्यासाठी गड्ड्याचा, म्हणजे तुमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा, उपयोग करा. संक्रांतीला नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक सगळ्यांनी पाहिलेली असते. तीन बाकांना तीन जागा द्या. एक बाक वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या चार वर्षांच्या पोराचा, एक पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाचा तोल सांभाळणाऱ्या माणसाचा, एक रस्त्याच्या कडेला फुगे विकणाऱ्या बाईचा. ‘मी’ वापरायचा नाही, सगळ्यांनी ‘तो’ किंवा ‘ती’ असंच लिहायचं. तरी फुगेवालीच्या कागदावर गर्दीचे पाय आणि सुटे पैसे येतील, नंदीध्वज धरणाऱ्याच्या कागदावर खांदा, घाम आणि पुढचं पाऊल येईल. कोण बोलतं आणि कोण पाहतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी 1972मध्ये मांडलं. तुमच्या मुलांना ते फुगेवालीमुळे कळेल.

आता मुख्याध्यापक आणि पोर्शन. त्यांची काळजी खोटी नाही, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना कृतिपत्रिका, म्हणजे मराठीची प्रश्नपत्रिका, दाखवा. तिच्यात स्वमत आहे, आत्मकथन आहे, कथालेखन आहे. स्वमताचं उत्तर बहुतेक मुलं कसं लिहितात? ‘मला हा पाठ खूप आवडला, कारण तो बोधप्रद आहे.’ मत आहे, पण आधार नाही. ज्या मुलाला ‘मला असं वाटतं, कारण तो अमुक शब्द वापरतो’ हे वाक्य सवयीचं झालं, त्याचं स्वमत आपोआप सुधारतं. आत्मकथनातली नदी आणि किल्ला एकाच सुरात बोलायचे थांबतात. हे मुख्याध्यापकांना पटेल अशा भाषेत सांगा: पहिल्यांदा एक तास, आणि नंतर प्रत्येक कथेला फक्त सात-आठ मिनिटं. वर्षाच्या शेवटी दहा वह्या त्यांच्यासमोर ठेवा, जूनचं पान आणि फेब्रुवारीचं पान.

हा विषय पूर्ण सोडून देणं हाही एक मार्ग आहे, आणि वह्यांचे ढीग बघितलेल्या कुठल्याही शिक्षिकेला तो मी चुकीचा म्हणणार नाही. पण मग तुमचा वर्ग दहावीपर्यंत ‘लेखक प्रेमळ व प्रामाणिक आहेत’ हेच लिहीत राहील, आणि ते वाचायचं तुम्हालाच आहे. उलट टोकाला जाऊन आठ दिवस निवेदनपद्धतीचे प्रकार शिकवणं, तक्ते करून घेणं, हेही मी करणार नाही. तक्ता पाठ होतो आणि कथा बाजूला राहते. थोडं, पण प्रत्येक कथेला, हे मला सगळ्यांत टिकाऊ वाटतं.

तपासायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण 58 वह्या आहेत म्हणून सांगते. सबंध परिच्छेद मागू नका. तीनच ओळी मागा: निवेदक काय म्हणतो, मला काय दिसतं, कोणत्या शब्दावरून. तिसऱ्या ओळीला निम्मे गुण द्या. पहिल्या महिन्यात शुद्धलेखनाच्या चुकांवर पेन फिरवू नका, विशेषतः ‘मी गेलो-गेले’ आणि ‘तो-ते-ती’च्या चुकांवर. त्या सुधारायच्या आहेतच, पण ज्या दिवशी मूल पहिल्यांदा स्वतःचं मत लिहितं त्या दिवशी नको.

राहिला तो मुलगा. त्याच्याकडे उद्याच जा, उतारा वगैरे शिकवायच्या आधी, आणि वर्गासमोरच बोला. बाजूला बोलावून सांगितलंत तर त्याला ती समजूत वाटेल. म्हणा, ‘परवा तू एक प्रश्न विचारलास आणि मी नंतर बघू म्हणाले. तो प्रश्न चांगला होता. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.’ त्याचं नाव घेऊन म्हणा. मग त्याच्याच पाठावर या: तो ‘मी’ पूर्ण खरं सांगत नाहीये असं तुला कशावरून वाटलं? शब्द दाखव. त्याला तो दाखवता येईल, माझी खात्री आहे, कारण शब्द खटकल्याशिवाय मुलं असा प्रश्न विचारत नाहीत. तो लगेच बोलला नाही तर त्याच्यामागे लागू नका. पुस्तक त्याच्यासमोर उघडं ठेवा आणि तास पुढे चालवा.

आणि दादाचा उतारा घ्याल त्या दिवशी त्याला एक विचारा. इतिहासाच्या पुस्तकातलं ते दुमडलेलं पान कोणतं असेल? उताऱ्यात ते सांगितलेलं नाही. लिहिताना मीही ते ठरवलेलं नव्हतं. त्यानं काय उत्तर दिलं ते मला जरूर कळवा.